साष्टीच्या टेकड्यांवरील सुबाभूळ

मरोळ हे नाव आज उच्चारले म्हणजे कारखाने, कचेऱ्या, विमानतळाकडे जाणारे रस्ते आणि मेट्रोचे स्थानक एवढेच बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मरोळ हे साष्टी बेटावरील एक जुने गाव होय. सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून ह्या बेटास सासष्टी किंवा साष्टी हे नाव पडले, असे सांगतात. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र ह्या त्याच्या चतुःसीमा. इ. स. १५३४ मध्ये हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकले. १७७४ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. माणसांच्या राजवटींचा हा वृत्तान्त पुस्तकांत वाचावयास मिळतो. परंतु ह्याच बेटावर वनस्पतींच्याही राजवटी आल्या आणि त्यांतील काही अद्याप गेलेल्या नाहीत. त्यांचा वृत्तान्त वाचावयाचा तर मरोळ-मरोशीच्या रस्त्याने आरेच्या टेकड्यांकडे वळावे लागते.

ह्या रस्त्यांच्या कडेस, पडीक आवारांत, जुन्या खाणींच्या उतारांवर एक सडपातळ वृक्ष दाटीने उभा असलेला दिसतो. पाने बाभळीसारखी बारीक, परंतु अंगास काटा नाही. फुले म्हणजे पांढुरके गोंडे. आणि फांद्यांस तपकिरी, चपट्या शेंगांचे घोसचे घोस, जे उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर खुळखुळतात. हीच सुबाभूळ. तिच्या सोबतीस बहुधा गिरिपुष्प असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ह्या झाडाच्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात आणि जाणारा-येणारा क्षणभर थबकतो. उंदीरमारी हे त्याचे दुसरे नाव. त्याच्या शास्त्रीय लॅटिन नावाचा अर्थही जवळजवळ तोच आहे. ही दोन्ही झाडे इतकी परिचयाची झाली आहेत की, ती येथील नव्हेत हे सांगूनही अनेकांस खरे वाटत नाही.

दोघांचेही मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. मेक्सिकोतील वाहाका ह्या प्रांताचे नावच मुळी तेथील जुन्या भाषेतील सुबाभळीच्या जातीच्या झाडावरून पडले आहे. तिच्या कोवळ्या शेंगा व बिया तेथील लोक फार पूर्वीपासून खात आले. स्पेनने मेक्सिको आणि फिलिपाईन्स ही दोन्ही जिंकल्यावर अकापुल्को ते मनिला अशी गलबतांची ये-जा सुरू झाली. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, ती चालू राहिली. गलबतांतून चांदी गेली आणि चांदीबरोबर झाडेही गेली. आपल्या मुलांना आवडणारी विलायती चिंच ह्याच वाटेने आशियात आली. सुबाभूळ फिलिपाईन्समध्ये इपिल-इपिल झाली. जावा बेटात लामटोरो हे नाव घेऊन कॉफीच्या मळ्यांवर सावली धरू लागली. गिरिपुष्पास कोकोच्या बागांत तेच काम मिळाले आणि स्पॅनिश लोक त्यास ‘कोकोची माता’ म्हणू लागले. ह्या झाडांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे निकस जमीनही सुधारते. मळेवाल्यांस ह्याहून अधिक काय पाहिजे होते?

परंतु मळ्याच्या कुंपणाशी थांबण्याचे बंधन झाडाने मान्य केलेले नसते. हवाई बेटांत कोआ नावाचा एक अस्सल देशी वृक्ष आहे. सुबाभूळ तेथे पसरली तेव्हा बेटवासीयांनी तिला ‘कोआ हाओले’, म्हणजे ‘परक्यांचा कोआ’, असे नाव दिले. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत रान उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर माती वाहून जाऊ नये म्हणून अमेरिकन लष्कराने सुबाभळीचे बी तेथे पेरले. माती राहिली, पण आज त्या बेटाच्या मोठ्या भागावर सुबाभळीचेच रान आहे. जपानच्या ओगासावारा बेटांतही तिने असेच बस्तान बसविले आहे. २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी जगातील १०० अत्यंत उपद्रवी आगंतुक जीवजातींची यादी प्रसिद्ध केली, तीत सुबाभळीचे नाव आहे.

केवळ उपयोगासाठी आणलेल्या झाडांचीच ही गोष्ट नाही. शोभेसाठी आणलेल्या झाडांनीही हाच मार्ग धरला. मिकोनिया ह्या मध्य व दक्षिण अमेरिकेतील झाडाची पाने मोठी, मखमली आणि खालच्या अंगाने जांभळी असतात. त्या शोभेस भुलून १९३७ मध्ये ते ताहिती बेटावरील एका बागेत लावले गेले. पुढे बेटाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर ते पसरले. मुंबईच्या रस्त्यांवर लाल-केशरी फुलांचे पेले मिरविणारा पिचकारीचा वृक्ष मूळ आफ्रिकेतला. त्याच्या कळ्या दाबून पाण्याची पिचकारी उडविणे हा येथल्या मुलांचा खेळ. परंतु फिजी, हवाई, पोर्तो रिको अशा बेटांवर त्याने रानेच्या रानें व्यापली आहेत, आणि वरील यादीत त्याचेही नाव आहे.

बेटेच अशी सहज का हरतात? महासागरातील एकाकी बेटावर मोजक्याच जाती पोहोचलेल्या असतात. चरणारी मोठी जनावरे नाहीत, दाटीची स्पर्धा नाही. अशा शांत घरात वाढलेल्या वनस्पतींस बाहेरच्या धकाधकीची सवय नसते. साष्टी मात्र तसे एकाकी बेट नव्हे. तिच्या आणि सह्याद्रीच्या मध्ये केवळ एक खाडी आहे, आणि तिचे रानही सह्याद्रीच्याच गोतावळ्यातले आहे. ऐन, कुंभा, पळस, पांगारा, काटेसावर, शिवण, कळंब, मोह ही येथील जुनी मंडळी. मग त्यांच्या घरात सुबाभूळ एवढी ऐसपैस कशी बसली?

ह्याचे उत्तर झाडाच्या स्वभावात जितके आहे, तितकेच बेटाच्या इतिहासात आहे. आधी स्वभाव पाहू. सुबाभूळ अल्पवयातच फुलते आणि वर्षातून अनेक वेळा फुलते. तिला परागासाठी दुसऱ्या झाडाची वाट पाहावी लागत नाही. बियांचे कवच इतके कठीण की, त्या मातीत वर्षानुवर्षे निजून राहतात आणि जमीन उघडी पडताच उठतात. खोड तोडले तर बुंध्यातून एकाच्या जागी अनेक धुमारे फुटतात. परंतु हिची एक दुबळी बाजूही आहे. हिच्या रोपाला ऊन पाहिजे. दाट, अखंड सावलीच्या रानात ते तग धरीत नाही. म्हणजे ही पाहुणी बंद दार फोडून आत शिरत नाही. दार उघडे असेल तेथेच ती येते.

आणि साष्टीत दारे एकामागून एक उघडली गेली. मुंबई शहर वाढले तसतसे बेटाच्या रानातून सरपण व इमारती लाकूड दक्षिणेकडे जाऊ लागले. शहराची तहान भागविण्यासाठी १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई असे तीन तलाव ह्या टेकड्यांत झाले. विहार-पवईचे वाहून येणारे पाणी घेऊन मिठी नदी मरोळवरून पुढे जाते. घरे आणि रस्ते बांधण्यासाठी टेकड्या फोडून दगड काढण्यात आला. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. शहराच्या दाट वस्तीतील गोठे हलवून हजारो म्हशी येथे आणण्यात आल्या. दारा खुरोडी ह्यांच्या पुढाकाराने झालेली ही योजना त्या काळी देशात नावाजली गेली, आणि शहरातील मुलांस स्वच्छ दूध मिळू लागले. ह्यांतील प्रत्येक काम आवश्यकच होते असे म्हणावयास हरकत नाही. पण प्रत्येक कामाने टेकडीचा काही भाग उघडा पडला, आणि उघडी टेकडी हिरवी कशी करावी हा प्रश्न प्रत्येक वेळी घाईनेच सोडविण्यात आला.

ह्या घाईस महाराष्ट्रात एक सबळ कारणही होते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. चारा नाही, सरपण नाही, डोंगर बोडके, अशा स्थितीत हवाई विद्यापीठात निवडलेल्या सुबाभळीच्या उंच वाणांची कीर्ती पसरली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ह्या झाडावर एक अहवालच काढला. उरुळीकांचन येथे गांधीजींच्या प्रेरणेने कामास लागलेले मणिभाई देसाई आणि त्यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली बायफ संस्था ह्यांनी हे वाण शेतकऱ्यांपर्यंत नेले. शेळी-गाईला प्रथिनयुक्त पाला, चुलीला लाकूड, कागदाच्या गिरणीला लगदा, आणि हे सारे दोन-तीन वर्षांत! गरीब शेतकऱ्याच्या बांधावर ह्या झाडाने जे दिले त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. त्याचप्रमाणे कोकणातील शेतकरी भातखाचरात गिरिपुष्पाचा पाला तुडवून हिरवळीचे खत करतो, तेही खरेच आहे. १९८८ मध्ये रस शोषणारी एक बारीक कीड भारतात येऊन पोहोचली. तिने सुबाभळीस पुष्कळ पीडा दिली आणि एकाच जातीवर सारी भिस्त ठेवण्यातला धोका दाखवून दिला. तथापि रस्त्याच्या कडेस आणि पडीक जमिनीत रुजलेले झाड त्यामुळे नाहीसे झाले नाही.

येथे ह्या इतिहासातील मुख्य गोष्ट ध्यानात येते. सुबाभळीचा गुण आणि तिचा दोष ही दोन निराळी लक्षणे नव्हेत. लवकर वाढणे, भरपूर बी धरणे, तोडले तरी फुटणे, निकस जमिनीत निभावणे, ह्याच गुणांसाठी तिला निवडले. जिथे तिचा पाला रोज कापला जातो, तिथे ह्या गुणांस काम मिळते व ती उपकारक ठरते. जिथे लावून माणूस निघून जातो, तिथे तेच गुण रान गिळू लागतात. शेतकऱ्याच्या बांधावरची सुबाभूळ आणि मरोळच्या पडीक उतारावरची सुबाभूळ ही एकच. फरक आहे तो तिच्यामागे असलेल्या किंवा नसलेल्या माणसाचा.

ह्यामुळे गमावले जाते ते काय? पळस-पांगाऱ्यावर मध टिपणारे पक्षी, विशिष्ट झाडाच्याच पानावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या, आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, जिच्या काड्यांचे कूड करून वारली माणूस आपल्या घराच्या भिंती उभारीत आला. आरेच्या पाड्यांवर ही माणसे आजही राहतात. मोहाच्या किंवा शिवणीच्या रोपाला उभे राहावयास वर्षे लागतात. तेवढ्यात सुबाभळीच्या रोपट्यांची गर्दी त्याचे ऊन अडविते, आणि उन्हाळ्यातील वणवा उरलेसुरले संपवितो. वणव्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटणारी मात्र सुबाभूळच असते.

मग ही झाडे तोडून टाकावीत काय? हा प्रश्न मरोळच्या शेजारी केवळ पुस्तकी राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील २,१४१ झाडे तोडली गेली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविण्याचा आदेश दिला. रेल्वे हवी की नको ह्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु अशा प्रत्येक प्रसंगी ‘झाडे तर परदेशीच आहेत’ असे एक वाक्य ऐकू येते, त्याचा विचार करणे अवश्य आहे. झाडाचे परकेपण हे त्याची जागा बांधकामास देण्याचे कारण होऊ शकत नाही. परक्या झाडाने अडविलेली जमीन पुन्हा रान होऊ शकते. सिमेंटने अडविलेली जमीन होऊ शकत नाही. शिवाय नुसती कुऱ्हाड चालविली तर सुबाभूळ अधिकच दाट होते, कारण उघडी जमीन हेच तर तिचे आमंत्रण!

ह्या बाबतीत पोर्तो रिको बेटाचे उदाहरण मार्गदर्शक आहे. ऊस व कॉफीसाठी तेथील रान जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे शेती ओस पडली आणि त्या ओसाड जमिनीवर पिचकारीचे झाड पसरले. एरियल लुगो ह्या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या नव्या रानांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा पिचकारीच्या सावलीत बेटाची मूळची झाडे पुन्हा रुजू लागलेली आढळली. प्रत्येक आगंतुक झाड इतके उदार नसते. सुबाभळीच्या खाली बहुधा सुबाभळीचीच रोपे गर्दी करितात. म्हणून तिथे माणसाने हात लावणे प्राप्त आहे. शेंगा पिकण्यापूर्वी छाटणी करावी, रोपटी मुळासकट उपटावी, मोठ्या झाडांची सावली मात्र काही काळ राहू द्यावी, आणि त्या सावलीत ऐन, शिवण, करंज, मोह ह्यांची रोपे लावून ती वणव्यापासून सांभाळावी. देशी झाडे वर आली आणि सावली दाटली म्हणजे सुबाभळीच्या नव्या रोपास ऊन मिळत नाही. दार असे हळूहळू लावून घ्यावयाचे असते.

ह्या कामास दोन-तीन वर्षे पुरत नाहीत. एक पिढी लागते. ते करणाऱ्याच्या नावाने समारंभ होत नाहीत आणि पहिल्या पावसाळ्यानंतर दाखविण्यासारखे फारसे काही नसते. परंतु सुबाभळीचा इतिहास सांगतो तो असा की, झटपट हिरवे करण्याची किंमत पुढील पिढ्यांना भरावी लागते. चाफा आला, काजू आला, विलायती चिंच आली, आणि त्यांना ह्या भूमीने आपलेसे केले. सुबाभूळही शत्रू म्हणून आलेली नाही. तिला बोलावून आणले आणि मग तिच्याकडे पाठ फिरविली. साष्टीच्या टेकड्यांवर तिने जी जागा घेतली, ती माणसाने सोडलेली जागा आहे. ती परत मिळवावयाची असेल, तर कुऱ्हाडीपेक्षा रोप सांभाळणाऱ्या हातांची आणि वाट पाहण्याच्या धीराची गरज अधिक आहे.