मोतमाउली : वांद्र्याच्या टेकडीवरची जत्रा

सप्टेंबर महिना उजाडला, की मुंबईला दोन उत्सवांचे वेध लागतात. एक गणरायाचा आणि दुसरा वांद्र्याच्या मोतमाउलीचा. तिथी आणि तारीख यांचा मेळ बसला, की कधी हे दोन्ही उत्सव एकाच आठवड्यात येतात आणि वांद्रे स्थानकाबाहेर एकीकडून ढोल-ताशांचा गजर, तर दुसरीकडून हातात मेणबत्त्या आणि झेंडूचे हार घेतलेल्या कुटुंबांची रांग असे दृश्य दिसते. ‘माउंट मेरीची जत्रा’ किंवा ‘बॅण्ड्रा फेअर’ या नावाने ओळखला जाणारा हा सोहळा मूलतः कॅथलिक कुटुंबांचा वार्षिक श्रद्धामेळा आहे. मात्र टेकडी चढणाऱ्यांमध्ये हिंदू, मुस्लिम, पारशी भाविकही मोठ्या संख्येने असतात. या जत्रेची परंपरा, तिचा इतिहास आणि तिच्यापुढील आजचे प्रश्न यांचा हा मागोवा.

मरियेचा जन्मदिन

जत्रेचे निमित्त आहे ८ सप्टेंबर हा कुमारी मरियेचा जन्मदिन. ख्रिस्ती पंचांगात संतांचे स्मरण सहसा त्यांच्या मृत्युदिनी केले जाते. जन्मदिन साजरा होतो तो केवळ तिघांचा : प्रभू येशू, त्याची माता मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान. मरियेच्या जन्माची कथा बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही. योवाकीम आणि हन्ना या तिच्या माता-पित्यांची नावे येतात ती दुसऱ्या शतकातील याकोबाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका प्राचीन ग्रंथात. हा सण आधी पूर्वेकडील ख्रिस्तसभेत, जेरुसलेमच्या परिसरात रुजला आणि सातव्या शतकात रोममध्ये पोहोचला. पुढे ८ डिसेंबर हा मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण ठरला. त्या दिवसापासून बरोबर नऊ महिन्यांनी हा जन्मदिन येतो.

८ सप्टेंबरपूर्वी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नवरात्रीसारखी नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी जत्रेला प्रारंभ होतो आणि पुढच्या रविवारी सांगता. ८ तारखेलाच रविवार असेल, तर जत्रा त्याच दिवशी सुरू होते. २०२४ साली तसेच झाले. या आठ दिवसांत पहाटेपासून रात्रीपर्यंत मिस्सा होत राहतात. त्या इंग्रजीबरोबरच कोकणी, मराठी आणि हिंदीतही असतात. कुटुंबातील आजी मराठीतली मिस्सा ऐकते, नातवंडे इंग्रजीतली. वांद्र्याच्या कॅथलिक समाजाचा गेल्या शंभर वर्षांतील भाषिक प्रवास एवढ्यावरूनही लक्षात यावा.

‘माउंट’चे ‘मोत’ आणि मरियेची ‘माउली’

‘मोतमाउली’ हे नाव कोळ्यांनी दिलेले. पोर्तुगीज भाषेत डोंगराला ‘मोंत’ म्हणतात. त्याचा अपभ्रंश ‘मोत’ असावा, असे एक मत. ‘मोत’ म्हणजे मोती, म्हणून मोत्यांची माउली, असाही अर्थ लावला जातो. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली, तरी नावाचा उत्तरार्ध अस्सल मराठी आहे. ज्या शब्दाने वारकरी ज्ञानेश्वरांना हाक मारतो, विठ्ठलाला आळवतो, त्याच शब्दाने कोळी समाजाने मरियेला आपलेसे केले. परक्या सत्तेबरोबर आलेली ही देवमाता इथल्या मातीत किती सहज मिसळली, याचा याहून बोलका पुरावा नाही.

मूर्तीचा प्रवास

सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी पोर्तुगालहून मरियेची मूर्ती आणली आणि वांद्र्याच्या टेकडीवर एका छोट्या प्रार्थनामंदिरात तिची स्थापना केली. टेकडीच्या टोकाशी पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला आजही भग्नावस्थेत उभा आहे. समुद्रावर नजर ठेवणाऱ्या या जागेला धोकाही समुद्रातूनच होता. १७०० मध्ये अरब चाच्यांनी हल्ला केला. मूर्तीच्या हातातील सोनेरी वस्तूच्या लोभाने त्यांनी तिचा उजवा हात तोडला. मधमाश्यांच्या मोहोळाने हल्लेखोरांना पळवून लावले, अशी आख्यायिका या घटनेशी जोडलेली आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांनी उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेवर निर्णायक घाव घातला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि वांद्रे ज्या बेटावर आहे, ती साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत ती पेशव्यांच्या अमलाखाली होती. टेकडीवरील प्रार्थनामंदिर १७६०च्या सुमारास पुन्हा उभे राहिले, ते याच काळात. पोर्तुगीज सत्ता गेली, पण तिच्याबरोबर आलेली श्रद्धा गेली नाही. कारण ती एव्हाना स्थानिकांची झाली होती.

त्या वेळी भग्न मूर्तीऐवजी जवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधील ‘नाविकांची माता’ या मरियेच्या मूर्तीची स्थापना करण्यात आली. या मूर्तीची कथा कोळीवाड्यांत आजही सांगितली जाते. एका कोळ्याला स्वप्न पडले, की समुद्रात त्याला मूर्ती सापडेल. आणि खरोखरच ती लाटांवर तरंगताना त्याला आढळली. स्वप्नदृष्टांत आणि पाण्यातून प्रकट होणारी देवता हा कथाबंध महाराष्ट्रातील अनेक ग्रामदैवतांच्या बाबतीत आढळतो. वांद्र्याची मरिया त्याला अपवाद नाही. पुढे मूळ मूर्तीची डागडुजी झाली आणि आज मुख्य वेदीवर मानाचे स्थान तिलाच आहे.

खाडीवरचा पूल आणि पारशी हात

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटावरून वांद्र्याला यायचे, तर माहीमची खाडी नावेने ओलांडावी लागे. पावसाळ्यात हा प्रवास जिवावर बेतणारा असे. ही अडचण दूर केली एका पारशी स्त्रीने. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे बांधला गेला आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. या दानामागे मोतमाउलीला केलेला नवस होता, असे वांद्र्यात परंपरेने सांगतात. नवसाची कथा श्रद्धेचा भाग मानली, तरी पुलाने जत्रेचे रूप पालटले, हे निश्चित. १८६७ मध्ये रेल्वेही वांद्र्याला थांबू लागली आणि गावची जत्रा महानगराची झाली.

आजची देखणी वास्तू १९०४ सालची. निमगॉथिक शैलीतील या चर्चचा आराखडाही एका पारशी वास्तुविशारदाचा : शापूरजी चंदाभॉय यांचा. बांधकामास त्या काळी सुमारे एक लाख रुपये खर्च आला. १९५४ हे वर्ष पोप बारावे पायस यांनी जगभर ‘मरिया वर्ष’ म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी या चर्चला ‘बॅसिलिका’ हा सन्मान मिळाला. विशेष ऐतिहासिक आणि धार्मिक महत्त्व असलेल्या चर्चला पोप हा दर्जा देतात.

मेणाचे हात, मेणाची घरे

जत्रेचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य म्हणजे मेणाच्या वस्तू. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मेणाचे हात, पाय, डोके, हृदय, तान्हे बाळ, घर मांडून विक्रेते बसलेले असतात. ज्याचे जे दुखणे, जी इच्छा, ती मेणाच्या रूपाने मातेपुढे ठेवायची. पाय दुखतो त्याने पाय, अपत्य हवे त्याने बाळ, डोक्यावर छप्पर हवे त्याने घर. काळाप्रमाणे मागणे बदलले आणि मेणाच्या मोटारी व विमानेही दुकानांत आली. मुंबईत घर मिळणे किती कठीण आहे, हे कळण्यासाठी आकडेवारी पाहण्याची गरज नाही. मेणाच्या घरांची रास पुरेशी आहे.

ही प्रथा पोर्तुगालमध्येही आहे. तेथील फातिमा या तीर्थक्षेत्री भाविक आजही मेणाचे अवयव अर्पण करतात. दुसरीकडे, देवीला चांदीचे डोळे वाहणे किंवा अपत्यप्राप्तीनंतर पाळणा बांधणे ही रीत महाराष्ट्रात जुनीच. दोन दूरच्या संस्कृतींतील एकाच भावनेच्या दोन वाटा वांद्र्याच्या टेकडीवर एकत्र आल्या. अन्य धर्मीयांना इथे परके वाटत नाही, त्याचे एक कारण हे असावे. नवस बोलणे, तो फेडणे, फुले-हार वाहणे ही भाषा त्यांना घरचीच आहे. बॅसिलिकेत दर्शन घेतल्यावर अनेक जण रस्त्यापलीकडील फातिमा मातेच्या स्थानापाशी मेणबत्ती लावून मगच पायऱ्या उतरतात.

कॅथलिक धर्मशिक्षण याबाबत एक महत्त्वाचा भेद करते. आराधना केवळ परमेश्वराची. मरियेला असतो तो आदर आणि तिच्याकडे करायची असते ती मध्यस्थीची विनंती. ती स्वतः वर देत नाही, तर पुत्राकडे शब्द टाकते, अशी ही धारणा. मेण हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सामान्य भाविकाला हा भेद दरवेळी जाणवतोच असे नाही. पण आईकडे गाऱ्हाणे घातले, की ते योग्य ठिकाणी पोहोचते, हा त्याचा विश्वास या शिकवणुकीपासून फार दूरचा नाही.

कुटुंबांचे वार्षिक संमेलन

वांद्र्याचे मूळ रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन कॅथलिक आणि कोळी. चिंबई, रानवर, पाली, शेर्ली-राजन ही त्यांची गावठाणे. मातृभाषा मराठीची बोली, धर्म ख्रिस्ती, अशा या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले आणि आपली संघटना स्थापन केली. गोव्याहून आणि मंगळूरहून मुंबईत आलेल्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागील हेतू होता. जत्रेने मात्र या सर्वांना एकत्र आणले.

या घरांमध्ये जत्रेचा आठवडा म्हणजे माहेरवाशिणींचा आणि पाहुण्यांचा आठवडा. वसई, उत्तन, गोराई, ठाणे येथून नातलग येतात. बाटलीत भरून वर्षभर पुरवलेला ‘बॉटल मसाला’ या दिवसांत सढळ हाताने वापरला जातो. सोरपोतेल आणि फुग्यांचा बेत होतो. सकाळी मिस्सा, दुपारी एकत्र पंगत आणि संध्याकाळी मुलांना घेऊन जत्रा, असा क्रम ठरलेला. भाजलेले चणे, खाजे, कडियो-बोडियो, पेरूचे चीज यांच्या पुड्या घरोघरी जातात.

याच तारखेला देशात इतरत्रही मरियेच्या नावाने कुटुंबे एकत्र येतात. तामिळनाडूतील वेलांकन्नी येथील महोत्सवाची सांगता ८ सप्टेंबरलाच होते. मंगळूरच्या कोकणी कॅथलिकांचा ‘मोंती फेस्त’ही त्याच दिवशी. धर्मगुरू जोआकिम मिरांडा यांनी १७६३ मध्ये फरंगीपेठ येथे त्याची सुरुवात केल्याचे मानले जाते. मुले मरियेला फुले वाहतात, भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो आणि घरी सारे कुटुंब शाकाहारी जेवणाला बसते. मुंबईचे ईस्ट इंडियन हाच सुगीचा सोहळा ‘आगेरा’ म्हणून ऑक्टोबरमध्ये साजरा करतात.

जत्रा कोणाची?

गेल्या काही दशकांत वांद्रे आमूलाग्र बदलले. शेती आणि वाड्या गेल्या, कौलारू बंगल्यांच्या जागी मनोरे आले. गावठाणांतील अनेक कुटुंबे जागेअभावी वसई-विरार, मीरा रोडकडे सरकली. पुढची पिढी आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थिरावली. ज्यांनी ही जत्रा जपली, त्यांचीच वस्ती टेकडीच्या पायथ्याशी विरळ होत चालली आहे. जत्रेतील लाखोंच्या गर्दीत मूळ गावकरी आता पाहुणे ठरू लागले आहेत.

दुसरा प्रश्न जत्रेच्या स्वरूपाचा. अरुंद रस्ते, वाहनांची कोंडी, कर्णे आणि कचरा यांमुळे परिसरातील रहिवासी त्रस्त होतात. दुकानांच्या जागा आणि परवाने यांवरून वाद होतात. जत्रा केवळ बाजार बनली, अशी खंत धार्मिक वृत्तीची मंडळी व्यक्त करतात. त्यात तथ्य आहे. परंतु बाजार हा कोणत्याही जत्रेचा अविभाज्य भाग असतो, आणि मेण, फुले, चणे विकून वर्षाची बेगमी करणारी कुटुंबेही याच जत्रेची आहेत, हे विसरता येत नाही.

बाजार वगळला तर काय उरते, याचा अनुभव करोनाच्या साथीने दिला. २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा भरली नाही. टेकडीचे रस्ते ओस पडले आणि अनेकांनी घरातल्या पडद्यावरच मिस्सा पाहिली. २०२२ मध्ये जत्रा पुन्हा भरली, तेव्हा त्या दोन वर्षांत गमावलेल्या आप्तांसाठी मेणबत्ती लावायला आलेल्यांची संख्या मोठी होती. प्रार्थना घरीही करता येते; परंतु शेजाऱ्याच्या मेणबत्तीवर आपली मेणबत्ती पेटवायची, तर टेकडीच चढावी लागते.

जाणाऱ्यांसाठी

वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेकडून जत्रेच्या काळात बेस्टच्या जादा गाड्या सुटतात. टेकडीच्या रस्त्यांवर या दिवसांत खासगी वाहनांना निर्बंध असतात, म्हणून सार्वजनिक वाहतूक सोयीची. रविवारी गर्दीचा कळस असतो; वृद्ध आणि लहान मुले सोबत असतील, तर मधल्या वारी सकाळी लवकर जाणे श्रेयस्कर. सप्टेंबरात पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा छत्री हवीच. दर्शनाला धर्माची अट नाही. मिस्सा चालू असताना मात्र शांतता पाळावी आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत केवळ कॅथलिकांनीच उभे राहावे, एवढा संकेत सर्वांनी सांभाळावा.