स्टोव्ह, मोहिमांचा
हिमप्रदेशातील व उंच पर्वतांवरील मोहिमांत वापरावयाचा हलका, सुवाह्य स्टोव्ह. तेथे सरपण नसते व पिण्याचे पाणीही बर्फ वितळवूनच मिळवावे लागते. म्हणून स्टोव्ह निवडताना त्याच्या वजनाइतकेच त्याला लागणाऱ्या इंधनाला महत्त्व असते. स्वीडनमधील फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास ‘प्रायमस’ स्टोव्ह तयार केला. त्यात पंपाच्या दाबाने वर चढलेल्या केरोसिनची तापलेल्या ज्वालकात वाफ होते व ती निळ्या ज्योतीने, काजळी न धरता जळते. फ्रित्यॉफ नान्सेन यांनी तो उत्तर ध्रुव प्रदेशातील मोहिमेत (१८९३–९६) वापरला.

दक्षिण ध्रुवाहून परतताना (१९१२) रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीला साठ्याच्या डब्यांतील केरोसीन घटलेले आढळले. झाकणांच्या कातडी चकत्या निकामी होऊन ते उडून गेले असावे, असे मानतात. रोआल्ड आमुनसेन यांनी आपले डबे डाख देऊन बंद केले होते.

एव्हरेस्टवर १९५२ मध्ये रेमाँ लांबेर व तेनसिंग नोर्गे यांनी सु. ८,४०० मी. उंचीवर स्टोव्हशिवाय रात्र काढली. मेणबत्तीवर वितळविलेल्या बर्फाने तहान भागली नाही. तहान, थकवा व सदोष प्राणवायू-साधने यांमुळे ते शिखराआधीच परतले. १९५३ च्या मोहिमेत शरीरक्रियावैज्ञानिक ग्रिफिथ प्यू यांनी भरपूर पेय घेण्याचा आग्रह धरला. एडमंड हिलरी व तेनसिंग यांच्या अखेरच्या छावणीत त्यासाठी स्टोव्ह होता.