चार मीटरच्या आत

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या घरात एक नवीनच अभ्यास सुरू झाला होता. भाच्याला गाडी घ्यायची होती. तो मासेमारीतला माणूस, बोट चालवतो. कागद वाचायचा कंटाळा. म्हणून गाड्यांची माहितीपत्रकं माझ्यापुढे आणून टाकली आणि म्हणाला, "आत्या, तू वाच आणि काय ते सांग." मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. मला गाडीतलं काय कळणार? पण माझ्या ठेवीतले दोन लाख त्यात जाणार होते, तेव्हा वाचणं भाग होतं.

प्रत्येक पत्रकात तीन प्रश्न. इंजिन कुठलं, गिअर हातानं टाकायचे की आपोआप पडणारे, आणि गाडी केवढी. भाच्याला मनातून हवी होती ती मोठी. २०११ साली महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आली तेव्हापासून ती त्याच्या डोळ्यात भरलेली. ४५८५ मिलिमीटर लांब, सात जणांची, २१७९ सीसीचं डिझेल इंजिन, सहा गिअर. चाकणला बनायची. दिसायला जीपच्या कुळातली, पण खाली जीपसारखी वेगळी चासी नाही. मोटारीसारखं सगळं अंग एकसंध. यालाच क्रॉसओव्हर म्हणतात, हे मला या अभ्यासात कळलं.

पत्रकं शेजारी शेजारी ठेवली आणि मला गंमत वाटली. नेक्सॉन ३९९४ मिलिमीटर. ब्रेझा ३९९५. एक्सयूव्ही ३०० तीही ३९९५. इंजिनांचं तसंच. पेट्रोल ११९७, ११९९. डिझेल १४९३, १४९७. पस्तीस वर्षं पेपर तपासले आहेत मी. वर्गातली निम्मी मुलं बरोबर ३५ मार्कांवर थांबलेली दिसली की समजायचं, इथे पासाची रेघ आहे आणि कोणीतरी उचलून तिथवर आणलेलं आहे.

शोधलं तर रेघ सापडली. २००६च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी लहान मोटारींवरचा उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणला. लहान कोण? लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. झालं! कंपन्यांनी कात्र्या काढल्या. महिंद्राची झायलो साडेचार मीटरची होती. तिचं शेपूट कापून २०१२ मध्ये क्वांटो काढली, ३९८५ मिलिमीटर, १४९३ सीसी, तीन सिलिंडर. भाच्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "तीन सिलिंडर? मग माझी होडीच काय वाईट?" गावोगावी धावणारी आपली बोलेरो, तीही २०१६ मध्ये चार मीटरच्या आत आणली आणि अडीच हजार सीसीच्या जागी दीड हजारांचं इंजिन बसवलं.

मोठ्या गाड्यांचीही सुटका नव्हती. २०१३ मध्ये पुन्हा चिदंबरमच. चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठं इंजिन आणि जमिनीपासून पोटापर्यंत १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उंची असेल तर ती एसयूव्ही, आणि तिच्यावर २७ ऐवजी ३० टक्के. मग महिंद्रानं काय करावं? एक्सयूव्ही ५००चं पोट खाली आणून ते १७०च्या आत बसवलं! पुढे जीएसटी आला. त्याच्या परिषदेनं जुलै २०२३ मध्ये शहाणपणानं लिहून ठेवलं, की ही उंची गाडी रिकामी असताना मोजायची. मास्तरांनी पळवाट बुजवली, दुसरं काय.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद केली. पुढच्याच महिन्यात महिंद्रानं १.९९ लिटरचं इंजिन काढलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर लावून बंदी उठली. इंजिनाचा आकार रस्ता बघून ठरतो, चढ बघून ठरतो, असं मला आपलं वाटायचं.

पूर्वी खरंच तसं होतं. आमच्याच मुंबईत, माझगावला, १९४९ मध्ये महिंद्रांनी विलीस जीप जोडायला घेतली. ती लष्करी गरजेतून जन्मलेली. चिखल, ओढे, डोंगर यांच्यासाठी केलेली. फक्त पेट्रोल फार प्यायची. म्हणून पुढे महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेतलं आणि इगतपुरीला बनवलं. १९९१ मध्ये टाटांनी पुण्याहून सिएरा काढली. तीनच दारं, मागे भल्यामोठ्या काचा, १९४८ सीसीचं डिझेल. जुन्या मालवाहू टाटामोबाइलच्या सांगाड्यावर उभी केलेली होती ती. तेव्हाच्या कमाईत कोळीवाड्यातून ती कोण घेणार? रस्त्यात दिसली की मान वळवून बघायची, एवढंच.

आमची खरी गाडी पद्मिनी. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, १०८९ सीसी. शेजारच्या काकांची टॅक्सी होती. चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईच्या यात्रेला आम्ही तिच्यातून जायचो. मागे चारपाच, पुढे तीन. पुढे तीन कसे? तर गिअरचा दांडा जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या नळीला होता, आणि पुढची सीट सलग बाकासारखी. मधल्या माणसाच्या गुडघ्यात काही येत नसे. पुढे दांडा जमिनीवर आला, सीटा वेगळ्या झाल्या आणि मधला माणूस उठला. पद्मिनीची लांबी मी मुद्दाम शोधली. ३९३० मिलिमीटर. म्हणजे आजच्या कायद्यानं ती लहानच गाडी, १८ टक्क्यांची. आमचं अर्धं घर मावायचं तीत! (कायद्यानं नव्हे, हे मान्य.)

असो. तर आमचा पेच असा. घरात माणसं सहा. भाचा, भाचेसून, दोन मुलं, वहिनी आणि मी. चार मीटरच्या गाडीत सहसा पाच जागा. बोलेरो चार मीटरच्या आत राहून सात जण घेते, पण मागे आडव्या सीटा, आणि माझे गुडघे मागच्या दारातून चढू देत नाहीत. शिवाय तिच्यात आपोआप गिअरची सोय नाही, आणि भाचेसुनेचा हट्ट ऑटोमॅटिकचा. पहाटे मासळी आणायला बंदरावर तीही चालवणार होती. "क्लच दाबून दाबून पाय गळतो," म्हणाली. तिचं चूक नव्हतं. पण ऑटोमॅटिकचेही प्रकार असतात बरं का. स्वस्त गाड्यांत येतो तो एएमटी. यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही आहे, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून तो आपल्याकडे रुळला. गिअर बदलताना क्षणभर दम घेतो, चढावर ते जाणवतं. महागातल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचच्या जागी तेलातून जोर पुढे जातो, म्हणून तो सुरळीत. भाच्याला डिझेलच हवं होतं. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगणारा माणूस तो. पेट्रोलवर त्याचा विश्वास नाही.

बाकी कागदावरच्या आकड्याला आम्ही कोळीवाड्यातली माणसं तशी घाबरत नाही. सागरी किनारा रस्त्याच्या दोन खांबांमध्ये आधी ६० मीटरच जागा होती. क्लीव्हलँड बंदरातून निघालेल्या बोटी भरतीच्या लाटांत त्यातून काढायच्या कशा? आमच्या माणसांनी काम अडवलं, बैठकांवर बैठका केल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० झालं. मागणी त्याहून जास्त होती, पण ६० चे १२० झाले. मोटारीच्या चार मीटरसाठी कोण काम अडवणार?

इतक्यात, ३ सप्टेंबर २०२५ ला, जीएसटी परिषदेनं निर्णय केला. चार मीटरच्या आतल्या डिझेलवर सगळा मिळून ३१ टक्के कर होता, तो १८. मोठ्यांवर ५० होता, तो ४०. रेघ मात्र तीच. ब्रेझा लांबीत बसते, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेला. भाचा बुकिंग करून बसला होता, त्यानं ते थांबवलं. मोठीचं काय करायचं, हे मला विचारायला आला. मी म्हटलं, "हप्ता समुद्र भरणार आहे की मी?" दोन हंगाम मासळी कशी झाली हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. तो काही बोलला नाही. बाहेर जाऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेप लावून आला. आत कुठलीच गाडी जाणार नव्हती, दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. पण बाहेर उभी करायला जी जागा होती, तिथे लहानच बसत होती.

दसऱ्याला गाडी आली. १४९७ सीसीचं डिझेल, एएमटी, पाच जागा. पूजा गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावरच. वहिनींनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, भाचेसुनेनं पहिली फेरी मारली. मी बघत होते मागच्या सीटकडे. तिथे वहिनी आणि दोन मुलं. पट्टे पाच, माणसं सहा. भाच्याच्याही ते लक्षात आलं होतं. "आत्या, धाकट्याला मांडीवर घेऊ," म्हणाला. मी नको म्हटलं. मुलगा सातवीत आहे, मांडीवर कसला मावतोय.

दिवाळीनंतर सगळे एकवीरेला निघाले. मी दादरहून इंद्रायणी पकडली, लोणावळ्याला उतरून रिक्षा केली. पायऱ्या आता झेपत नाहीत, तेव्हा पायथ्याशीच हात जोडले आणि चहा घेत बसले. भाच्याला फोन लावला, तर भाचेसुनेनं उचलला. गाडी खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत होती.