पूर्वानुमानांची बेरीज : एक ऐतिहासिक मागोवा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी सौर विजेचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय भाषेचा आणि इतिहासाचाही आहे. उद्याविषयी बोलण्यासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत. ‘भाकीत’ हा ‘भाकणे’ या क्रियापदातून आला. त्यात सांगणाऱ्याचा अधिकार आहे. ‘अंदाज’ फारसीतून आला. त्यात अनुभवाचा अदमास आहे. ‘पूर्वानुमान’ हा शास्त्राने घडविलेला शब्द. त्यात आधार आणि चुकण्याची शक्यता, दोन्ही गृहीत आहेत. भाकितापासून पूर्वानुमानापर्यंतच्या वाटचालीचा एक लहानसा भाग मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

आपल्या बडोद्यात गच्चीवर सौर पॅनेल बसविलेली घरे आता जागोजागी दिसतात. काही घरांत पॅनेलांची एक रांग पूर्वेकडे आणि दुसरी पश्चिमेकडे कललेली असते. घरातील उपकरणे आपोआप चालविणारी संगणकीय व्यवस्था सकाळीच विचारते : आज वीज किती मिळेल? पाण्याचा पंप केव्हा लावावा, बॅटरी केव्हा भरावी? प्रत्येक रांगेचे पूर्वानुमान निराळे येते. ती दोन पूर्वानुमाने एकत्र कशी करावीत, हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे.

१८६१ साली इंग्लंडमध्ये ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांनी दैनंदिन हवामानाची पूर्वानुमाने वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. किनाऱ्यावरील ठाण्यांच्या नोंदी तारायंत्राने एका जागी येऊ लागल्यामुळेच हे शक्य झाले. विखुरलेल्या नोंदींचे एक चित्र करणे, हे पूर्वानुमानाचे मूळ कर्म. त्यांच्यावर टीका झाली, उपहासही झाला. १८६५ साली त्यांनी आपले जीवन संपविले. पुढील वर्षी फ्रान्सिस गाल्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांच्या कार्याची छाननी केली आणि पूर्वानुमाने थांबली. जनतेसाठी ती पुन्हा सुरू होण्यास १८७९ साल उजाडावे लागले.

याच गाल्टनांनी १९०७ साली एक विलक्षण टिपण प्रसिद्ध केले. प्लिमथ येथील पशुप्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. वाचता आलेल्या ७८७ चिठ्ठ्यांतील मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन होते १,१९८ पौंड. अनेकांच्या चुका परस्परांना छेदतात, हे त्यातून दिसले. १९६९ साली बेट्स आणि ग्रेंजर यांनी या विचाराला गणिती रूप दिले. एकाच गोष्टीची दोन पूर्वानुमाने असतील, तर त्यांच्या आजवरच्या चुका पाहून प्रत्येकास योग्य वजन द्यावे. संयुक्त पूर्वानुमान बहुधा अधिक भरवशाचे ठरते. ग्रेंजर यांना २००३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र अन्य संशोधनासाठी.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. गाल्टनांपुढे बैल एकच होता. आपल्या गच्चीवर रांगा दोन आहेत. एकाच रांगेविषयी दोन ठिकाणांहून पूर्वानुमाने आली, तर सरासरी. दोन रांगांची निरनिराळी पूर्वानुमाने आली, तर बेरीज. आणि बेरीज करावयाची ती तासातासाची, शिखरांची नव्हे.

उदाहरण घेऊ. समजा, पूर्वेकडील रांग सकाळी दहा वाजता २.४ किलोवॅट, मध्यान्ही २.१ आणि दुपारी दोन वाजता १.२ किलोवॅट देते. पश्चिमेकडील नेमकी उलट. दोन्ही शिखरे मिळविली तर ४.८ किलोवॅट होतात. पण तो क्षण दिवसभरात कधीच येत नाही. तासागणिक बेरीज ३.६, ४.२ आणि ३.६ इतकीच. दोन्ही रांगा ४ किलोवॅट क्षमतेच्या एकाच इन्व्हर्टरला जोडल्या असतील, तर मध्यान्हीचे ४.२ देखील ४ वरच अडतील. मर्यादा लावावयाची ती बेरजेनंतर.

प्रत्येक रांगेचा हिशेब स्वतंत्र मांडता येतो, त्यामागे मोजमापाची दीर्घ परंपरा आहे. १८५३ साली कॅम्पबेल यांनी काचेच्या गोलाने लाकडी वाडग्यावर उन्हाची जळकी रेघ उमटविली. १८७९ साली स्टोक्स यांनी त्या यंत्रात सुधारणा केली. १९६० साली लिऊ आणि जॉर्डन यांनी थेट ऊन आणि आकाशातून विखुरलेला प्रकाश यांचे परस्परनाते मांडले. कललेल्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडेल, हे काढण्यासाठी ते नाते आवश्यक होते. आपल्या देशात ॲना मणी यांचे ऋण मोठे आहे. १९४८ साली त्या पुण्यास हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात त्यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आणि १९८० साली त्या नोंदींचा ग्रंथ सिद्ध केला. 

आता चुकांचा विचार करू. समजा, प्रत्येक रांगेचे पूर्वानुमान साधारण ०.३ किलोवॅटने चुकते. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर बेरजेतील चूक ०.६ नव्हे, सुमारे ०.४२ होते. पण एकाच गच्चीवरील दोन्ही रांगांवर ढग एकच येतो. तेथे चुका परस्परांना छेदत नाहीत. त्या साचत जातात. रांगा जितक्या दूर, तितका हा दोष कमी. गुजरातचे वीजभार नियंत्रण केंद्र आपल्याच शहरात, गोत्री येथे आहे. पाटण जिल्ह्यातील चारणका आणि बडोद्याजवळचा कालव्यावरील सौर प्रकल्प यांच्यावर एकच ढग सहसा नसतो. परंतु सारे राज्य मेघाच्छादित झाले, तर अंतराचाही उपाय चालत नाही.

म्हणूनच हा विषय केवळ घरच्या सोयीचा नाही. २०१५ साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने आंतरराज्य जाळ्यावरील पवन व सौर प्रकल्पांसाठी पूर्वानुमानाची चौकट घातली. त्यात दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ खंड मानले जातात. २०२४ साली एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज नेण्याची केंद्रीय योजना जाहीर झाली. या घरांनी शिखरांची बेरीज करून आश्वासने दिली, तर उणी पडलेली वीज ऐन वेळी दुसऱ्या कोणाला तरी पुरवावी लागेल. ती नसेल, तर दिवे कोणाच्या तरी घरी जातील.

माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ज्यांच्या घरी अशी व्यवस्था आहे, त्यांनी कालचे पूर्वानुमान पुसून टाकू नये. प्रत्यक्ष मिळालेल्या विजेशेजारी ते लिहून ठेवावे, प्रत्येक रांगेचे वेगळे. बेट्स आणि ग्रेंजर यांची रीत चुकांच्या नोंदीवरच उभी आहे. ॲना मणींचे जाळेही नित्याच्या नोंदींवरच उभे होते. भाकीत करणाऱ्याला आपली चूक झाकावी लागते. पूर्वानुमान करणाऱ्याला ती जपून ठेवावी लागते. शाळेने आपणांस वही नीट ठेवण्यास शिकविले, ते याच कामासाठी.