वरण-भाताला किती गुण?

गेर्लिंगेनमध्ये राहत असाल तर हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी विचारला गेलाच असेल: "मांस खात नाही? मग प्रोटीन कुठून मिळतं?" कँटीनमध्ये हा प्रश्न कुतूहलाने येतो, जिममध्ये काळजीने. आणि तुम्ही आवडीने मटण खाणारे मराठी असाल तर "इंडियन असून?" हे आश्चर्य वाट्याला येतं.

गंमत अशी, की याच गावातल्या एखाद्या जुन्या श्वेबियन खानावळीत गेलात तर मेनूकार्डावर 'लिन्झन मिट श्पेट्झले' सापडेल. म्हणजे मसूर, सोबत गहू आणि अंड्याच्या पिठाच्या जाडसर शेवया, आणि बाजूला सॉसेज. ते सॉसेज उचलून ठेवलं तरी उरतं ते डाळ आणि धान्य, वर थोडं अंडं. आपल्या वरण-भाताचा हा लांबचा चुलतभाऊच. श्वेबियन आल्बच्या खडकाळ जमिनीवरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच खाल्लं.

मग डाळ-धान्य 'कमी' आणि मांस 'भारी' ही उतरंड आली कुठून? तिचा बराचसा भाग इथेच, जर्मनीत, तयार झाला. आणि ती मोडण्याच्या कामात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे.

आधी गुरं, मग माणसं

गेर्लिंगेनहून यू-६ पकडा, म्योरिंगेनला यू-३ मध्ये बसा आणि प्लीनिंगेनला उतरा. तिथे होहेनहाइम विद्यापीठ आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. व्युर्टेम्बर्गमध्ये लोक उपाशी मेले. त्या दुष्काळानंतर, १८१८ मध्ये, राजा विल्हेल्म पहिला याने ही शेतकी संस्था काढली. १८५४ पासून तिथे एमिल वोल्फ नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. कुठल्या चाऱ्यात पचण्याजोगं प्रोटीन किती, चरबी किती, पिष्ट किती, याचे तक्ते त्याने बनवले. कुठलाही खाद्यपदार्थ घटकांमध्ये सोडवून दुसऱ्या पदार्थाशी आकड्यांनी तोलता येतो, ही कल्पना अशी गोठ्यात रुजत होती.

माणसांच्या बाबतीत युस्टुस फॉन लीबिगचा शब्द चालायचा. १८४२ मध्ये त्याने मांडलं की स्नायू काम करतात तेव्हा प्रोटीनच जळतं. म्हणजे मांस हीच ताकद. १८६५ मध्ये त्याच्या नावाची कंपनी दक्षिण अमेरिकेतल्या गुरांपासून मांसाचा अर्क काढून युरोपभर विकायला लागली.

नेमक्या त्याच वर्षी आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढले. खाण्यात फक्त पिष्ट, चरबी आणि साखर, प्रोटीन शून्य. वाटेत लघवी जमा केली आणि तिच्यातल्या नायट्रोजनवरून शरीरात किती प्रोटीन जळलं ते काढलं. चढायला जेवढी ऊर्जा लागली तिच्या निम्मीही त्या प्रोटीनमधून निघत नव्हती. लीबिगचा सिद्धांत तिथेच डळमळला.

पण मांसाची प्रतिष्ठा डळमळली नाही. म्युनिकच्या कार्ल फॉन फोइटने काम करणाऱ्या पुरुषासाठी एक आकडा दिला: दिवसाला ११८ ग्रॅम प्रोटीन. तो आला कुठून? मुख्यतः धडधाकट जर्मन कामगार प्रत्यक्षात काय खातात, ते मोजून. म्हणजे 'एवढं खातात' याचं 'एवढं खायलाच हवं' झालं. हा आकडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला, आणि तिथून वसाहतींमध्ये.

कुन्नूरचे उंदीर

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजमध्ये डेव्हिड मॅके शरीरशास्त्र शिकवायचा. १९१२ च्या आपल्या पुस्तकात त्याने बंगाल्यांच्या शरीरयष्टीचा संबंध त्यांच्या प्रोटीन-तुटपुंज्या भाताशी जोडला. कोण बलवान, कोण दुबळा, हे साम्राज्याचं आवडतं वर्गीकरण. त्याला आता प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला.

पुढे निलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसनने उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला एकेका 'जमाती'चं जेवण दिलं: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शीख जेवणावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट निघाले, मद्रासी शेवटी. आपला नंबर तिसरा!

छाती फुगवण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे, पहिल्या आलेल्या ताटात मांसाचा ढीग नव्हता. गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, मोड आलेले हरभरे, भाज्या, आणि मांस आठवड्यातून एकदा. प्रयोग 'मांस विरुद्ध डाळ' असा नव्हताच, जेवणात किती विविधता आहे याचा होता. दुसरी म्हणजे, 'मराठा जेवण' म्हणजे नक्की कुणाचं? सदाशिव पेठेतलं वरण-भात-तूप? मालवणातलं मासळीचं कालवण? की ज्वारीची भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढणाऱ्या शेतमजुराचं? जात आणि मजुरी त्या पिंजऱ्यात शिरलीच नव्हती.

याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत पुढे कमला सोहोनी काम करायला आल्या. त्या पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून आधी नाकारलं आणि नंतर अटी घालून घेतलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या तिथे काय करत होत्या हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्या दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रोटीनचा अभ्यास करत होत्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या, आणि पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गरिबाघरच्या अन्नावर, म्हणजे डाळी-कडधान्यं आणि नीरा यांवर, वर्षानुवर्षं संशोधन केलं. कच्च्या शेंगा-कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकाला अडवणारे घटक असतात, त्यांवरही त्यांच्या प्रयोगशाळेत काम झालं. शिजवल्यावर हे घटक बहुतांशी निकामी होतात. म्हणजे डाळीचा 'गुण' नुसत्या दाण्यात नसतो, तुमच्या कुकरच्या शिट्ट्यांवरही ठरतो.

साताऱ्याचा संख्याशास्त्रज्ञ

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाला प्रोटीनच्या तुटवड्याची धास्ती बसली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने तर येऊ घातलेल्या 'प्रोटीन संकटा'चा इशारा दिला. माशांची पूड, दुधाची पावडर, प्रोटीन घातलेली पिठं असे उपाय सुचवले जात होते.

त्या वेळी रोममध्ये, अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. भारतातल्या आहाराचे आकडे तपासून १९७० मध्ये त्यांनी मांडलं, की ज्यांना प्रोटीन कमी पडतं ते बहुतेक मुळात अर्धपोटीच असतात. पोटभर डाळ-धान्य मिळालं तर प्रोटीन सहसा पुरतं. पोट भरलं नाही तर मात्र शरीर महागडं प्रोटीनही सरपणासारखं जाळतं. कुन्नूरची संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली होती. तिथले सी. गोपालन मुलांच्या अभ्यासातून याच निष्कर्षाला आले होते. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅक्लारेनने या सगळ्या प्रकरणाला सरळ 'फियास्को' म्हटलं.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पुण्याला परतल्यावर सुखात्मे आणखी पुढे गेले. माणसाचं शरीर कमी खाण्याशी काही प्रमाणात जुळवून घेतं, म्हणून कुपोषितांचे आकडे फुगलेले आहेत, असं ते म्हणू लागले. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. 'शरीर जुळवून घेतं' हे वाक्य उपाशी माणसाबद्दल कुणी बोलायचं, आणि त्यावरून गरिबीची रेषा किती खाली ओढायची? १९८० च्या दशकातला हा पुणेरी वाद आजही वाचण्यासारखा आहे. फोइटचा आकडा फुगलेला होता म्हणून खालचा प्रत्येक आकडा निर्दोष ठरत नाही.

मग आज काय म्हणायचं?

आज प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरतात. ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम, फोइटच्या जवळजवळ निम्मं. १९९१ पासून चालत आलेल्या जागतिक मोजमापात अंडं-दूध १ च्या आसपास आणि गहू साधारण ०.४ वर येतो. हा फरक खरा आहे, कारण धान्यात लायसीन कमी असतं. पण डाळीत ते भरपूर असतं, आणि डाळीत जे मेथायोनिन कमी पडतं ते धान्य देतं. गुण एकेकट्या पदार्थाला दिले जातात. आपण मात्र वरण-भात एकत्र खातो, आणि श्वेबियन माणूस मसूर आणि श्पेट्झले एकत्र.

तरीही वनस्पतींकडून सगळं मिळतं असं समजू नका. बी-१२ त्यांत भरवशाचं मिळत नाही. व्हीगन असाल तर गोळी घ्याच. पालेभाजीतलं लोह मांसातल्या लोहाइतकं सहज शोषलं जात नाही, लिंबू पिळल्याने फरक पडतो. आणि वरण म्हणून वाटीभर पिवळं पाणी घेत असाल तर हा सगळा हिशेब कोसळतो. डाळ घट्ट हवी.

फोइटच्या देशाने आता दिशा बदलली आहे. २०२४ मध्ये जर्मन पोषण संस्थेने सांगितलं, की ताटातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वनस्पतिजन्य असावा आणि मांस आठवड्याला जास्तीत जास्त ३०० ग्रॅम. गेर्लिंगेनमध्ये हे वाचून तुम्ही "बघा, आपलंच बरोबर होतं" म्हणाल. पण तेच वाक्य महाराष्ट्रात तसंच्या तसं नेऊन चालणार नाही. तिथे राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. ज्या मुलीच्या घरी डाळ रोज शिजत नाही, तिच्यासाठी त्या एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रोटीन आणि थोडं बी-१२ होतं. तिच्या घरी अंडं चालतं की नाही, हे तिला कुणी विचारलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी कँटीनमध्ये तो प्रश्न आला तर मसूर आणि श्पेट्झलेकडे बोट दाखवा, खुशाल. पण व्हॉट्सॲपवर कुणी 'आपला सात्त्विक आहार विज्ञानानेही मान्य केला' असं पाठवलं, तर त्यांना सुखात्म्यांचा मूळ मुद्दाही सांगा: आधी पोट भरलेलं असायला हवं.