लक्षात ठेवणाऱ्या दोन नळ्या

शाळेतल्या विजेच्या घंटेचे बटण दाबले की घंटा वाजते, बोट उचलले की थांबते. वर्गातल्या पंख्याचे तसे नसते. बटण दाबून आपण निघून गेलो तरी पंखा फिरतच राहतो. पंख्याच्या बटणात एक स्प्रिंग असते आणि तिच्यामुळे त्या बटणाला दोनच जागी स्वस्थ बसता येते. शेवटचे बोट कोणत्या बाजूला पडले, हे त्या बटणाला जणू ‘आठवते’. हेच काम हलणारा एकही भाग न वापरता, नुसत्या विजेकडून करून घेता येईल का?

इंग्लंडमध्ये विल्यम एकल्स आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन यांनी जून १९१८ मध्ये अशा एका मंडलाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. गणक-यंत्राचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. बिनतारी संदेशांच्या त्या काळात त्यांना हवा होता एक रिले: क्षीणसा विद्युत-धक्का मिळाला की उलटणारा आणि धक्का संपला तरी तसाच राहणारा.

त्यांनी दोन ट्रायोड नळ्या घेतल्या. ट्रायोडमध्ये ऋणाग्राकडून धनाग्राकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत एक जाळी असते. जाळीवरचा ऋण दाब वाढवला की प्रवाह बंद पडतो. नळीतून प्रवाह वाहू लागला की तिच्या धनाग्राचा दाब उतरतो, आणि प्रवाह थांबला की चढतो. एकल्स आणि जॉर्डन यांनी पहिल्या नळीचे धनाग्र दुसरीच्या जाळीला जोडले आणि दुसरीचे पहिलीच्या. आता पहिली नळी चालू असली की ती दुसरीला बंद ठेवते. दुसरी बंद आहे, म्हणूनच पहिली चालू राहते. एखाद्या धक्क्याने दुसरी चालू झाली की सगळे उलटे होते आणि तसेच टिकते. दोन्ही नळ्यांना मिळून एक गोष्ट लक्षात राहते: शेवटचा धक्का कोणाला बसला.

हे समजावायला फळ्यावर आकृती काढण्याआधी दोन मुलांना समोरासमोर उभे करावे. नियम एकच: समोरच्याचा हात वर असेल तर माझा खाली, समोरच्याचा खाली असेल तर माझा वर. एकाच्या खांद्यावर थाप मारून त्याला हात वर करायला सांगा आणि बाजूला व्हा. दहा मिनिटांनी आलात तरी कोणाला थाप मारली होती ते दिसेल. (मुले तोवर कंटाळलेली असतील. नळ्या कंटाळत नाहीत.) पण दोघांनीही हात खाली ठेवून एकदमच सुरुवात केली तर काय होते, तेही करून पाहा. त्याकडे आपण पुढे वळू.

या युक्तीला खरे काम मिळाले ते मोजणीचे. १९०८-०९ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून, अल्फा कण पडद्यावर आदळल्यावर उमटणाऱ्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजत असत. पुढे विजेने मोजणी सुरू झाली, पण कण भराभर आले की यांत्रिक गणित्राच्या चाकांना ती गती झेपत नसे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स यांनी १९३२ मध्ये तोड काढली. त्यांनी थायराट्रॉन नावाच्या वायू भरलेल्या नळ्यांच्या जोड्या केल्या. जोडीतली एक पेटली की दुसरी विझे. प्रत्येक धक्क्याला जोडी उलटायची आणि दर दुसऱ्या धक्क्याला पुढच्या जोडीला एक धक्का द्यायची. अशा पाच जोड्या ओळीने लावल्या तर बत्तीस कणांमागे चाकाला एकदाच हलावे लागते. उरलेली संख्या कोणती नळी पेटलेली आहे ते पाहून वाचायची. द्विमान पद्धतीतली मोजणीच ही!

अमेरिकेतल्या एनिॲक या गणक-यंत्राने (१९४६) हीच कल्पना अवाढव्य प्रमाणावर वापरली. त्यात वीस संचायक होते. प्रत्येकात दहा अंकी एक संख्या राही आणि एकेका अंकासाठी दहा फ्लिप-फ्लॉपचे एक वर्तुळ असे. म्हणजे संख्या साठवायलाच दोन हजार फ्लिप-फ्लॉप. सुमारे अठरा हजार नळ्यांनी भरलेल्या त्या दालनातल्या संचायकांना एका वेळी लक्षात राहत, त्या अवघ्या वीस संख्या! नळ्यांची स्मृती जलद होती, पण फार महाग. म्हणून पुढची काही यंत्रे पाऱ्याच्या नळकांड्यांतून धावणाऱ्या ध्वनिलहरींवर आणि चुंबकीय कड्यांवर विसंबली.

लॅच आणि फ्लिप-फ्लॉप या शब्दांत विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. काही पुस्तके दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, तेव्हा दोष मुलांचा नाही. आज साधारणपणे केला जाणारा भेद असा: लॅच म्हणजे कडी. कडी काढलेली असेपर्यंत आत येणारी प्रत्येक गोष्ट थेट पलीकडे दिसते, लावली की शेवटची स्थिती टिकते. पण गणित्रात बाहेर पडलेला संकेतच फिरून आत येतो. कडी उघडी राहिली तर तो गोल गोल धावत सुटेल. म्हणून दोन लॅच एकामागे एक लावतात, एकाची कडी उघडी असताना दुसऱ्याची बंद. मग घड्याळाच्या ठोक्याच्या क्षणी जे आत होते, तेवढेच पुढे जाते. हा झाला फ्लिप-फ्लॉप.

आता त्या दोन मुलांकडे येऊ. दोघांचे हात खाली, म्हणून दोघेही वर करतात. दोघांचे वर, म्हणून दोघेही खाली. कोणी एक जरा पुढे जाईपर्यंत हा खेळ चालतो. फ्लिप-फ्लॉपचेही असेच होते. ठोका आणि संकेताचा बदल नेमके एकाच वेळी आले, तर तो ० आणि १ यांच्या मध्येच, टेकडीच्या माथ्यावर ठेवलेल्या गोटीसारखा अडकतो. सॅम्युअल लुबकिन यांनी हा धोका १९५२ मध्येच लिहून ठेवला होता, पण अनेक अभियंत्यांना तो खरा वाटला नाही. चांगले मंडल लगेच निर्णय घेतेच, अशी त्यांची समजूत. १९७३ मध्ये सेंट लुई इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस चेनी आणि चार्ल्स मोलनार यांनी मधेच लोंबकळणाऱ्या फ्लिप-फ्लॉपची ऑसिलोस्कोपवरची चित्रेच प्रसिद्ध केली. मग वाद घालायला फारसे काही उरले नाही.

यावर पक्का उपाय नाही, असूही शकत नाही. गोटी माथ्यावर किती वेळ थांबेल याला वरची मर्यादा नाही. मात्र जितके थांबावे तितकी ती अजून तिथेच असण्याची शक्यता फार वेगाने घटते. म्हणून बाहेरून अवेळी येणारा संकेत, उदाहरणार्थ तुम्ही दाबलेली कळ, आत घेताना दोन फ्लिप-फ्लॉप ओळीने ठेवतात. पहिला गोंधळला तरी दुसऱ्याने पाहण्यापूर्वी सावरायला त्याला एका ठोक्याइतका अवधी मिळतो. आजच्या प्रोसेसरमधल्या जलद स्मृतीच्या नेहमीच्या घरात सहा ट्रान्झिस्टर असतात. त्यांतले दोन ये-जा करण्याची दारे आणि उरलेले चार म्हणजे एकमेकांना धरून ठेवणारी एकल्स आणि जॉर्डन यांचीच जोडी. वीज गेली की तीही सगळे विसरते.