पाइकसाठी परवडणारा रॉड: मेलेल्या आमिषाने गरवताना काय पाहावे

पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे इंग्लंडमध्ये गेलेल्या गोमंतकीयांची स्विंडन शहरात मोठी वस्ती आहे. मांडवी वा शापोराच्या काठावर गरी टाकण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना तिथल्या नद्या, कालवे आणि तलाव खुणावणे स्वाभाविकच होय. थंडीच्या दिवसांत त्या गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांना सर्वाधिक ओढ असते ती पाइक या शिकारी माशाची. मात्र दुकानात पाऊल टाकताच वीस-पंचवीस पौंडांपासून कित्येक शे पौंडांपर्यंतचे रॉड समोर येतात, आणि त्यांवरील आकडे नवख्याला उलगडत नाहीत. पाइकसाठी महागडा रॉड आवश्यक नसतो. योग्य रॉड मात्र आवश्यक असतो. या दोहोंतील फरक ओळखता आला, तर पैसेही वाचतात आणि मासाही.

मासा आणि त्याचे आमिष

पाइकचे शास्त्रीय नाव इसॉक्स ल्युसियस. लांबट, हिरवट अंगावर फिकट ठिपके, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि त्यात घशाकडे वळलेले असंख्य तीक्ष्ण दात, असे त्याचे रूप. पाणवनस्पतींच्या आड निश्चल राहायचे आणि टप्प्यात आलेल्या माशावर झडप घालायची, ही त्याची रीत. यात मादी नरापेक्षा बरीच मोठी होते. ब्रिटनमधील विक्रमी पाइक २०२४ साली चू व्हॅली तलावात मिळाला. त्याचे वजन ४७ पौंड ५ औंस, म्हणजे सुमारे साडेएकवीस किलो होते. सामान्यतः २० पौंडांचा मासा मिळाला तरी गरवणारा धन्यता मानतो.

पाणी थंड झाले की पाइक पाठलागात शक्ती दवडत नाही. तळाशी पडलेला मेलेला मासा तो वासावरून शोधून काढतो. म्हणूनच हिवाळ्यात मेलेले आमिष, ज्याला तिकडे डेडबेट म्हणतात, अधिक उपयोगी ठरते. यासाठी वापरले जाणारे मासे गोमंतकीयांना अनोळखी नाहीत. आपल्या बांगड्याच्या कुळातील मॅकरेल आणि तारलीच्या कुळातील सार्डिन हे त्यांत अग्रभागी असतात. त्यांतील तेल पाण्यात पसरते आणि पाइकला दुरून खेचून आणते. हेरिंग, काकडीसारखा वास असलेला स्मेल्ट आणि रक्ताळलेल्या मांसाचा लॅम्प्री हेही प्रचलित आहेत.

रॉडची निवड या आमिषापासूनच सुरू होते. फिरत्या चमच्याने गरवताना काही ग्रॅमचा ऐवज दिवसभर फेकावा लागतो, तेव्हा आखूड आणि हलका रॉड हवा. मेलेले आमिष मात्र जड असते. अर्धा मॅकरेल ८० ग्रॅम भरला आणि त्याला ४० ग्रॅमचे शिसे लावले, तर एकूण भार १२० ग्रॅम होतो. तो न मोडता, न निखळता दूर टाकणे हे रॉडचे पहिले काम.

'टेस्ट कर्व्ह' म्हणजे काय

रॉडच्या मुठीवर बहुधा '१२ फूट, ३ पौंड' असे लिहिलेले असते. यातील ३ पौंड म्हणजे मिळू शकणाऱ्या माशाचे वजन नव्हे. मूठ स्थिर धरून टोक काटकोनात वळेपर्यंत ओढायला जितके वजन लागते, त्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. ३ पौंडांच्या रॉडने २० पौंडांचा मासा सहज आवरता येतो, कारण मासा पाण्यात असताना त्याचे संपूर्ण वजन रॉडवर येत नाही.

या आकड्यावरून दोन ढोबळ अंदाज बांधता येतात. पहिला फेकीचा: टेस्ट कर्व्ह जितके पौंड, तितके औंस वजन रॉड सहज फेकतो. त्यानुसार ३ पौंडांच्या रॉडला ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅमचा भार मानवतो. त्याहून जड आमिष झटका न देता, झोका देऊन सावकाश टाकावे लागते. दुसरा अंदाज तंगुसाचा: टेस्ट कर्व्हला पाचाने गुणले की तंगुसाची साजेशी ताकद मिळते. ३ पौंडांच्या रॉडला १५ पौंडांचा तंगूस जुळतो, आणि पाइकसाठी साधारणपणे त्याहून कमी ताकदीचा तंगूस वापरू नये.

त्यामुळे मेलेल्या आमिषासाठी पावणेतीन ते तीन पौंडांचा रॉड हा मध्यममार्ग ठरतो. अडीच पौंडांचा रॉड लहान कालव्यात, छोट्या स्मेल्टसाठी पुरतो. साडेतीन पौंडांचा ताठ रॉड विस्तीर्ण तलावांवर लांबवर जड आमिष टाकणाऱ्यांसाठी असतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

लांबी आणि वाक

काठावरून गरवण्यासाठी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर लांबी सोयीची. लांब रॉडमुळे काठावरच्या बोरूंच्या वरून तंगूस उचलून धरता येतो, आणि मासा लागला की सैल पडलेला तंगूस एका हिसक्यात ताणता येतो. होडीतून किंवा झाडीने वेढलेल्या अरुंद कालव्यावर ९ ते १० फुटांचा रॉड बरा. दोन तुकड्यांचा १२ फुटी रॉड उलगडला तरी प्रत्येक तुकडा सहा फुटांचा राहतो. बसने वा आगगाडीने जाणाऱ्याने हे ध्यानात घेऊन तीन-चार तुकड्यांचा रॉड पाहावा. एकात एक सरकणारे दुर्बिणीसारखे स्वस्त रॉड सुटसुटीत दिसतात, पण त्यांचे सांधे जड आमिषाच्या सततच्या ताणाने लवकर ढिले पडतात.

लांबीइतकाच वाकही महत्त्वाचा. काही रॉड फक्त टोकाशी वळतात, काही मुठीपर्यंत कमानीसारखे झुकतात. सार्डिनचे मांस मऊ असते. टोकाशी झटका देणाऱ्या रॉडने फेकल्यास गरी एका दिशेला आणि आमिष दुसऱ्या दिशेला जाते. मध्यापर्यंत वळणारा रॉड ते अलगद नेतो. पाइक काठाशी आल्यावर अकस्मात उसळी घेतो, तेव्हाही हाच वाक धक्का पचवतो आणि गरी सुटू देत नाही. मऊ आमिष गोठलेलेच वापरले तर ते अधिक टिकते.

कार्बन की काचतंतू

काचतंतूचा रॉड स्वस्त व दणकट, पण जड आणि लेचापेचा असतो. कार्बनचा रॉड हलका आणि चपळ. मात्र दगडावर आपटल्यास त्याला न दिसणारी चीर पडते आणि पुढे ताण येताच तो मोडतो. मेलेल्या आमिषाने गरवताना रॉड तासन्‌तास टेकूवर विसावलेला असतो, त्यामुळे काही ग्रॅम वजन वाचवण्यासाठी जादा पौंड मोजण्यात अर्थ नाही. साधा कार्बन किंवा कार्बन-काच मिश्रण पुरेसे होते.

कार्बनविषयी एक इशारा कधीही विसरू नये. त्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली उभा केलेला रॉड प्राणघातक ठरतो. तारांपासून किमान ३० मीटर दूर राहावे आणि गडगडाट सुरू होताच रॉड खाली ठेवावा.

स्वस्ताईची खरी वाट

इंग्लंडमध्ये कार्प मासा गरवणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. त्यांच्यासाठी १२ फुटी, पावणेतीन-तीन पौंडांचे रॉड मोठ्या प्रमाणावर बनतात, आणि नवे मॉडेल आले की जुने विक्रीस निघतात. 'पाइक रॉड' अशी चिठ्ठी नसलेला असा कार्प रॉड डेडबेटसाठी उत्तम चालतो.

वापरलेला रॉड घेताना चार गोष्टी तपासाव्यात. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. धागा अडकला तर कडीच्या अस्तराला तडा आहे, आणि तो तडा तंगूस कापतो. खुंटीसारख्या सांध्याचा रॉड जोडल्यावर दोन तुकड्यांमध्ये थोडी फट उरायला हवी. फट नसेल तर सांधा झिजला आहे. रिळाची बैठक हलते का, हे पाहावे. शेवटी रॉड हळूहळू वाकवून कुठे करकर ऐकू येते का, याकडे कान द्यावा.

वाचलेले पैसे कुठे घालावेत

रॉडवर वाचवलेली रक्कम गरीजवळच्या साहित्यावर खर्चणे शहाणपणाचे. पाइकचे दात तंगूस क्षणात कापतात; म्हणून गरीपूर्वी किमान १८ इंच पोलादी तार हवीच. उलट काटे दाबून सपाट केलेल्या तिहेरी गऱ्या, १० ते १२ इंचांचा लांब चिमटा, रुंद हातजाळे आणि ओली करून पसरण्याची गादी, एवढे जवळ असल्याशिवाय गरी पाण्यात टाकू नये. तारेवाचून गरवताना तंगूस तुटला, तर घशात गऱ्या अडकलेला मासा उपाशी मरण्याची भीती असते. तंगूस हलताच रॉड उचलावा. वाट पाहत बसल्यास पाइक आमिष खोल गिळतो. दिसायला उग्र असला तरी हा मासा नाजूक आहे. त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये, आणि ऑक्टोबर ते मार्च हाच हंगाम धरावा.

कायद्याची चौकट

गोव्यात गरवलेला मासा सहसा घरी जातो. इंग्लंडमध्ये तो बहुधा पाण्यात परत सोडला जातो. नद्यांतून दिवसाला एकच आणि ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच पाइक नेता येतो. खासगी तलावातील मासा मालकाच्या परवानगीविना नेणे ही चोरी ठरते. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा बंदीकाळ असतो. १३ वर्षांवरील प्रत्येकाला सरकारी रॉड परवाना लागतो. १३ ते १६ वयोगटासाठी तो विनामूल्य आहे. परवान्याविना गरवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याशिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा संस्थेची अनुमती वेगळी घ्यावी लागते. म्हणून रॉडचा हिशेब मांडताना परवाना, तार आणि चिमटा ही तीन नावे यादीत आधी लिहावीत. रॉडसाठी किती उरते, ते त्यानंतर पाहावे.